चिखल आधी कुठे वाळतो

पाठ दुखते म्हणून हल्ली बायका माझ्याकडे येतात. मी डॉक्टर नाही, वैदू नाही, सातवीपर्यंत शाळा शिकलेली म्हावरं विकणारी बाई आहे. पण वर्षाहून जास्त काळ खाटेवर पडून राहिले आणि पुन्हा उठून चालले, एवढ्या भांडवलावर लोक मला विचारायला येतात. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगताना माझं डोकं उठतं आणि दर वेळी मागचं पुढे, पुढचं मागे होतं. म्हणून एकदाचं लिहून काढते. वाचता येतं त्यांनी वाचावं, येत नाही त्यांना कोणीतरी वाचून दाखवावं. औषधांची नावं यात सापडणार नाहीत, कारण मला ती नीट कळली नाहीत. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला काहीच नीट कळलं नव्हतं.

आमच्याकडची रीत

आमचं गाव डहाणूच्या समुद्रकाठी. पुरुष होडीवर, बायका म्हावऱ्यावर. ओलं म्हावरं डहाणूतच खपतं. सुकवलेले बोंबील आणि सुकट पाटीत भरून आम्ही आतल्या गावांना नेतो. गंजाड, कासा, कधी पार तलासरी. एस.टी. मिळाली तर एस.टी.ने, आणि कंडक्टरने वासावरून तोंड वाकडं केलं तर पायी. सात-आठ बायकांचा आमचा मेळ, आणि त्या मेळाची पुढारी माझी सासू. गाव तिला हिराआय म्हणतं, मी नुसतं आय म्हणते.

मेळात एखादीची पाठ धरली की तिचं ओझं बाकीच्यांनी वाटून घ्यायचं, अशी जुनी रीत आहे. पण पाठ धरली हे ठरवायचं कोणी? जी म्हणेल तिचं खरं मानलं, तर कासाच्या बाजारादिवशी निम्म्या पाठी धरतील. म्हणून चिखल लावतात. खाडीतला बारीक काळा चिखल आणायचा, बाईला पडवीच्या सावलीत पालथं झोपवायचं आणि मानेपासून कमरेपर्यंत पातळ, सारखा थर द्यायचा. मग सगळ्यांनी भोवती बसून बघायचं. ओझ्याने जिथला स्नायू ताणला गेला असेल तिथलं अंग आतून तापलेलं असतं आणि तिथला चिखल आधी वाळतो. काळ्याचा राखाडी होतो. कोणाच्या खांद्यावर आधी उजाडतं, कोणाच्या कमरेवर. डाग दिसला की बाई खरी. त्या जागी शेक द्यायचा आणि डाग दिसायचा थांबेपर्यंत तिला बाजार माफ. सगळा चिखल एकदम वाळला, तर बाईला काही झालेलं नाही.

शहरातल्या माणसाला हे हसण्यासारखं वाटेल. मी मात्र कितीतरी पाठी स्वतः बघितल्या आहेत, आणि शेजारच्या भिकीवहिनीच्या उजव्या खांद्यावर तर चिखल असा उमटला होता की तिची पाटी कुठल्या बाजूला कलते तेही सांगता आलं असतं. ताण बघायची आमची ती रीत होती आणि तिच्यावर माझा पुरा विश्वास होता.

पहिला चिखल

बोंबलाचा हंगाम जोरात होता तेव्हा माझं दुखणं सुरू झालं. दोन खांद्यांच्या मधून थोडं खाली, अगदी कण्यावर, खिळा ठोकून ठेवल्यासारखं वाटायचं. पाटी डोक्यावर असताना दुखायचं, हे समजण्यासारखं होतं. पण पाटी उतरवल्यावरही दुखायचं, आणि आडवी झाले की जास्त. संध्याकाळी अंगात कणकण यायची, सकाळी काही नसायचं. मला वाटायचं, उन्हात बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगत उभी राहते त्याचा ताप असेल.

मी आयला सांगितलं. ती चिखल घेऊन आली. मी पालथी झाले. बायका बसल्या. गप्पा चालल्या होत्या, कोणाची सून, कोणाची होडी. मी वाट बघत होते की आता कोणीतरी म्हणेल, हा बघा डाग. कोणी म्हणालं नाही. सगळा चिखल मानेपासून कमरेपर्यंत एकदमच राखाडी झाला.

"काय नाय झाला तुना," आय म्हणाली. "ऊठ, पाटी घे."

ती रागावून बोलली नव्हती. भाव सांगावा तसं सांगितलं. मी मुळात तोंडाळ बाई, गप्प बसणारी नव्हे. पण त्या दिवशी मला बोलताच येईना, कारण चिखल माझ्या बाजूने नव्हता. दुखतं आहे हे मला कळत होतं, आणि दुखत नाही हे समोर दिसत होतं. पाटी उचलून चालू लागले तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःलाच तपासत होते. कामाचा कंटाळा आला असेल का मला? माणसाला आपलं दुखणं खोटं असूनही दुखू शकतं का? कासा येईपर्यंत मला याचं उत्तर सापडलं नाही.

त्यानंतर मी वाकणं सोडून दिलं. खाली पडलेली वस्तू उचलायची तर पाठ ताठ ठेवून उकिडवी बसायचे आणि एक हात मांडीवर टेकून उठायचे. आमची मंजू तेव्हा तीन वर्षांची होती. तीही तशीच, मांडीवर हात टेकून उठायला लागली. सगळे हसायचे. मीही हसायचे.

दुसरा चिखल आणि ह्यांचा पाय

पुढे चोळी सैल होऊ लागली आणि भाताची चव गेली, तेव्हा आयने स्वतःहून पुन्हा चिखल आणला. या वेळी डाग आला. कमरेच्या डाव्या बाजूला, तळहाताहून मोठा, बघता बघता पांढरा पडला. बायका एकदम बोलायला लागल्या. मला इतका आनंद झाला की मी पालथी पडल्या पडल्या हसायला लागले. दुखणं सापडलं म्हणून हसणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदाच बघितली, आणि ती मीच होते.

भिकीवहिनीने मात्र विचारलं, "आणि हे मधी काय काळंच राहिलंय?"

कण्यावरची एक जागा, जिथे मला खिळा टोचायचा तीच, ओलीच राहिली होती. बाकीचा चिखल तडकायला लागला तरी ती वाळेना. आयने बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, थर जाड पडला असेल. तिने तो पुसून टाकला. आम्ही तापलेली जागा शोधणारी माणसं. गार जागेकडे बघायचं असतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. दुखतं वर आणि डाग खाली, याचंही मला नवल वाटलं होतं. पण डाग आला होता ना, मग मी वाद घातला नाही.

कमरेत उसण भरली असं ठरलं. आणि उसणीवरचं औषध तर आमच्या घरातच होतं. माझा नवरा, नाव घेत नाही, अजून जीभ वळत नाही, पायाळू आहे. म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने दुखऱ्या पाठीवर पाय दिला की उसण जाते, असं सगळीकडेच मानतात. आजूबाजूच्या गावांतून माणसं सकाळी आमच्या दारात येऊन पालथी पडायची. हे होडीवरून आले की चहाच्या आधी त्यांच्या पाठीवर पाय देऊन मोकळे व्हायचे. स्वभाव भिडस्त, कोणाला नाही म्हणता येत नाही.

मला पाय द्यायला ते तयार नव्हते. "मना नाय जमणार. घरच्या माणसाला कसा देऊ?"

"सगळ्या गावाला देते, नि हिला नाय?" आय म्हणाली.

मीच म्हटलं, द्या एकदाचा. मग त्यांनी दिला. हळूच दिला, हे मी शपथेवर सांगेन. आय म्हणते कट्‌ असा आवाज झाला. हे म्हणतात आवाज झाला नाही. मला आवाज आठवत नाही, त्यांच्या टाचेला लागलेली वाळू पाठीला टोचली तेवढं आठवतं. त्या क्षणी बरं वाटलं होतं का वाईट, तेही मला सांगता येत नाही, आणि पुढे डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही.

पाय

त्यानंतर माझे पाय माझ्याशी परक्यासारखे वागायला लागले. एकदा चालताना डाव्या पायातली चप्पल निघून गेली आणि मला कळलंच नाही. भिकीवहिनी ती हातात घेऊन मागून आली. एस.टी.च्या पायरीवर पाय ठेवते असं मनात यायचं आणि पाय पायरीच्या खालीच राहायचा. दुपारच्या वाळूवर अनवाणी उभी राहिले तरी चटका बसेना. मला आधी वाटलं आज वाळू तापलेली नाही, आणि तसं मी बोललेही. बाकीच्या बायका पाय उचलून उचलून नाचत होत्या.

मग एका सकाळी वलांडीखाली बसले ती उठताच येईना. हात लावले तर पाय तिथेच होते. मी त्यांना हलायला सांगत होते. मला वाटत होतं की ते हलतायत, आणि डोळ्यांना दिसत होतं की ते हलत नाहीत. मी कशावर विश्वास ठेवायचा ते मला ठरवता येईना. मंजू माझ्याजवळ येऊन मांडीवर हात टेकून उभी राहिली. उठायचं कसं ते मला दाखवत होती. तेव्हा मला रडू फुटलं.

ह्यांनी मला उचलून घरात आणलं आणि ते जे बाहेर गेले ते दिवसभर आले नाहीत.

निदान

डहाणूत एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कमरेला हात लावला, स्नायू दगडासारखा आणि गरम लागला. ताण आहे म्हणाले, चोळायला तेल दिलं. म्हणजे तेही आमच्याच मेळातले निघाले. आयने घाबरून पुन्हा चिखल लावला, तर या वेळी डाग उजव्या बाजूला. मधली जागा तशीच ओली. आता मात्र ती सगळ्यांनी बघितली. माझा दीर आदल्या वर्षी दर्यात गेला होता, त्याचा गार हात पाठीवर पडलाय असं कोणीतरी म्हणालं. मला ते पटलं नाही, पण पटलं नाही म्हणून भीती वाटायची थांबली नाही. रात्री कूस बदलता येत नसे, आणि पाठीवर गार हात आहे असं मला खरंच वाटायला लागलं.

तलासरीच्या वाटेवर तेव्हा एक लहानसं इस्पितळ होतं. तिथे एक गुजराती डॉक्टर हाडांचं बघतात असं भिकीवहिनीच्या भावाने सांगितलं. त्याच्या ओळखीचा गवताचा खटारा त्या बाजूला निघाला होता. खटारेवाला थांबायला तयार नाही. त्या सकाळी आयने पुन्हा चिखल लावलेला, तो धुवायलाही वेळ मिळाला नाही. गवताच्या भाऱ्यांवर गोधडी टाकून मला झोपवलं आणि तशीच नेली.

इस्पितळात सिस्टरने माझी चोळी काढली आणि कपाळाला हात लावला. "हे काय केलंय? पाणी आणा, पुसा आधी."

डॉक्टर म्हणाले, "थांबा. पुसू नका." ते वाकून बघत राहिले. मग त्यांनी पालथा हात माझ्या पाठीवर ठेवला, कमरेपासून वर सरकवत नेला आणि मधल्या जागेवर थांबवला. "हे कोणी केलं?"

आयला वाटलं आता ओरडा बसणार. "चिखलात पडली," ती म्हणाली. मानेपासून कमरेपर्यंत सारख्या थराने चिखलात पडणारी सून तिने डॉक्टरांच्या माथी मारली. इतक्या दुखण्यातही मला हसू आलं. मग मीच खरं ते सांगितलं, कुठे आधी वाळतं, कुठे नाही.

डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. शरीराच्या उष्णतेचा फोटो काढायचा प्रयत्न परदेशात चालू आहे असं आपण वाचलंय म्हणाले. आयने त्यात काही रस घेतला नाही. मग ते खाटेच्या काठावर बसले आणि हळूहळू सांगायला लागले. "बेन, कमरेचे स्नायू गरम आहेत कारण ते बिचारे जास्तीचं काम करतायत. वरचा मणका दुखतो म्हणून त्याला धरून ठेवतायत. तुम्ही गरम जागा बघितली, कोणीही तीच बघेल. पण आजार गार जागेत आहे. मणक्याला क्षय झालाय, त्याचं गळू भरलंय. हे गळू गार असतं."

क्षय म्हटल्यावर मला वाटलं यांचा काहीतरी घोळ झाला. क्षय म्हणजे खोकला, रक्त, छाती. मला तर साधा खोकलाही नव्हता. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, हाडालाही होतो. गळू म्हणजे ठणका आणि आग, हे लहानपणापासून ठाऊक. गार गळू कसं असेल? त्यांनी पुन्हा समजावलं. मी मान हलवली, आणि मला काही कळलेलं नाही हे त्यांना कळलं असावं, कारण ते परत पहिल्यापासून सांगायला लागले. पुढे बलसाडला नेऊन एक्स-रे काढला, त्यातही तेच निघालं. फोटोत माझा कणा एका ठिकाणी चेपलेल्या डब्यासारखा दिसत होता. मी तो कितीदा बघितला, पण तो माझ्या आत आहे असं मला कधीच वाटलं नाही.

खाट

इस्पितळातले दिवस सांगण्यासारखे नाहीत, कारण ते सगळे सारखे होते. माझ्या पाठीच्या मापाचं प्लास्टरचं कवच केलं, होडीसारखं, आणि मला त्यात ठेवलं. हलायचं नाही. सकाळी इंजेक्शन, मग कडू पुड्या, मग पुसणं, मग पेज. डॉक्टर येऊन म्हणायचे, अजिबात हलू नका. आणि जाताना म्हणायचे, पायाची बोटं हलवत राहा. मला कळायचं नाही की यांतलं नेमकं कोणतं ऐकायचं. जाड सुईने गळू काढलं तेव्हा मी विचारलं, गार होतं का हो? सिस्टर म्हणाली, आता तेही हात लावून सांगू का?

शेजारच्या खाटेवर लखमी होती, आतल्या पाड्यावरची वारली बाई, झाडावरून पडून पाय मोडलेली. तिला माझी काही भीती वाटत नसे. पुष्कळांना वाटायची. आमच्या गावातून कोणी आलं तर दारातच उभं राहून बोलायचं, क्षय म्हटल्यावर आत यायची छाती होत नसे. मंजूला तर आणायचंच नाही असं ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते की माझ्यापासून तिला धोका नाही, पण गावाला कोण समजावणार? मला स्वतःलाही खात्री नव्हती. तिला बघावंसं वाटायचं आणि ती येऊ नये असंही वाटायचं.

आय मात्र आठवड्याच्या बाजारानंतर येऊन बसायची. पाटी बाहेर व्हरांड्यात ठेवली तरी सुकटीचा वास आत यायचा आणि सिस्टर खिडक्या उघडायची. तो वास मी पोटभर घ्यायचे. आय फारसं बोलत नसे. माझ्या पायांजवळ बसून त्यांना हात लावत राहायची, आणि मला तो हात लागत नसे. ती विचारायची, "लागते?" मी नाही म्हणायचे. एकदा मला खोटं हो म्हणावंसं वाटलं, पण तिच्यापुढे खोटं बोलवेना.

हे येत नव्हते. आय म्हणायची, होडी बाहेर आहे. होडी इतकी कधीच बाहेर नसते हे मला ठाऊक होतं. एक दिवस लखमी खिडकीतून बघत म्हणाली, "तुजा दादला चिंचेखाली बसलाहे. मागल्या बाजारालाही बसला होता." मी आयकडे बघितलं. आयने मान खाली घातली.

"तो म्हणते, मी मोडली तिना," आय म्हणाली. "आत ये म्हटला तर येत नाय. गावात पाय देणं पण सोडलंय. माणसं दारातून परत जातात."

मला कळेना मी काय करू. मला त्यांचा राग येत होता का? येत होता, थोडा. पाय द्या असं मीच म्हटलं होतं, तरी येत होता. आणि चिंचेखाली बसलेल्या त्या माणसाची कीवही येत होती. दोन्ही एकाच वेळी येतात हे मला माहीत नव्हतं. मी डॉक्टरांना विचारलं, खरं सांगा, पायाने झालं का?

ते म्हणाले, "हाड आतून पोखरलेलं होतं. पाय दिला नसता तरी कधीतरी बसलंच असतं, पाटी उचलताना किंवा नुसतं शिंकताना. पण पाय द्यायला नको होता."

आता यातलं कुठलं वाक्य बाहेर चिंचेखाली पाठवायचं? मी रात्रंदिवस दोन्ही वाक्यं फिरवत राहिले. शेवटी आयला सांगितलं, दोन्ही सांग. अर्धं सांगितलं तर त्यांना दुसरं अर्धं कुठूनतरी कळेल आणि मग ते कधीच आत येणार नाहीत. आयने दोन्ही सांगितली. त्या दिवशीही ते आत आले नाहीत. पण जाताना खिडकीखालून गेले आणि खोकले. इतकंच. मला पुरलं.

मुंग्या

पाय परत आले ते मुंग्यांच्या रूपाने. एका दुपारी मी ओरडून लखमीला सांगितलं, माझ्या तळव्यावर मुंग्या चढल्यात, झटक. तिने लंगडत येऊन बघितलं. मुंगी एकही नव्हती. तिने नखाने तळव्यावर रेघ ओढली आणि मला ती लागली. मला वाटलं मनाचा खेळ आहे. मी डोळे मिटले आणि म्हटलं, परत ओढ, न सांगता ओढ. ती वाट बघायला लावायची आणि मग ओढायची, आणि मी प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. मग आम्ही दोघी हसलो आणि सिस्टर आली आणि तीही ओढायला लागली.

पुढे बरं होणं हळूहळू होत गेलं. बसणं, उभं राहणं, काठी, कंबरेपासून छातीपर्यंत चामड्याचा पट्टा. पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा जमीन फार लांब वाटली. पायांना पुन्हा शिकवावं लागलं, आणि मला सगळ्यात उपयोगी पडली ती मंजूची युक्ती, मांडीवर हात टेकून उठायची. अजून डावा पाय थोडा ओढते. पाटी आता कधीच उचलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मी आता कासाच्या बाजारात एका जागी बसून विकते, आणि मेळातल्या बायका माझा माल आणून देतात. माझं ओझं त्यांनी वाटून घेतलं ते कायमचंच.

विचारायला येणाऱ्यांना

तुम्ही पाठ दुखते म्हणून आलात की मी एवढंच विचारते. काम थांबवल्यावर दुखायचं थांबतं का? संध्याकाळी ताप येतो का? अंग उतरतंय का? चप्पल निघून गेली तर कळतं का? यातलं काही असेल तर शेक, तेल, पाय, सगळं बाजूला ठेवा आणि मोठ्या इस्पितळात जा. चिखल लावायचा तर लावा, मी कोणाला थांबवत नाही, आय अजून लावते. पण आता ती आधी वाळणाऱ्या जागेइतकीच न वाळणारी जागाही बघते. आणि सगळा एकदम वाळला तरी बाईला ऊठ म्हणत नाही, आधी विचारते, तुना काय वाटते?

तुमच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही तर काय करायचं, हे मात्र मला सांगता येत नाही. माझा माझ्यावरच राहिला नव्हता. आणि ह्यांच्या पायाने किती झालं, आजाराने किती, तेही मला आजपर्यंत उमगलेलं नाही.

एक दिवस लिहायचा राहिला, घरी सोडलं तो.

त्या सकाळी आय आली ती हातात डालड्याचा डबा घेऊन. डब्यात आमच्या खाडीचा चिखल होता, वर ओलं फडकं. सिस्टर म्हणाली, अजिबात नाही. आय डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी माझ्या पाठीवरची सुईची जागा बघितली, ती कधीच भरून आली होती. "लावा," ते म्हणाले. "मलाही बघायचं आहे."

व्हरांड्यात चटई टाकली. मी पालथी झाले. आय चिखलात हात घालणार तेवढ्यात थांबली आणि कोणालातरी म्हणाली, "तू लाव."

हे आले होते. आत, व्हरांड्यापर्यंत. मला तोंड वळवून बघता येत नव्हतं, फक्त त्यांचे पाय दिसले, चप्पल बाहेर काढून आलेले.

चिखल बायकाच लावतात, पुरुष लावत नाहीत. ते उभेच राहिले. मग खाली बसले. मला वलांडीखालून उचलून आणलं त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या पाठीला हात लावला नव्हता. त्यांचे हात होडीचे दोर ओढून खरखरीत झालेले, पण ते इतके हलके फिरत होते की आय म्हणाली, "दाबून लाव, थर सारखा झाला पायजे." त्यांनी सारखा केला. मधल्या जागेवर आले तेव्हा हात थांबला, आणि मग तिथूनही गेला.

मग सगळे बघत बसले, हे माझ्या पाठीवर वाकूनच. लखमी पाड्यावरून कुबडी घेऊन आली होती, सिस्टर दाराशी उभी होती.  मला माझ्या पाठीवर काय चाललंय ते दिसत नव्हतं, नेहमीसारखंच, दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायची वाट बघायची. चिखल आवळायला लागला तसा मला जाणवत होता, खांद्यावर, कमरेवर. मध्ये आवळतोय की नाही ते मला समजेना. 

आणि मध्येच, अगदी त्याच जागी, गार लागलं. ओलं. पुन्हा एकदा.

 मी चटई मुठीत धरली आणि म्हटलं, "आय, मधी गार लागते. ओलंच हाय का गं? ओलंच राहिलं का?"

 आयचा हात माझ्या डोक्यावर आला.

"काय नाय झाला तुना," ती म्हणाली. "सगळा एकदम वाळलाय. तो रडते वरून."